सूर्याचा हजेरीपट

सूर्य उगवला, असं आमचे भावजी कधी म्हणाले नाहीत. "साहेब आले," म्हणायचे. ढग असले की "साहेब मीटिंगमधी." आणि आषाढात आठ-आठ दिवस तोंड दाखवलं नाही की "साहेब रजेवर, बिनपगारी."

नात्याने ते माझ्या नवऱ्याचे लांबचे चुलतभाऊ. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. तीस वर्षं पाळ्या करून माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. जेवण झालं की "पहिली पाळी सुटली" म्हणायचे आणि दुपारी पडले की "ब्रेक". निवृत्त झाल्यावर ते पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत आले, आणि घराऐवजी आधी गोठा दुरुस्त केला. गुरं कधीच विकली गेली होती. गोठ्याच्या पत्र्यावर सोलरचे आठ तक्ते चढले. खाली गव्हाणीपाशी, जिथे बैल बांधायचे, तिथे चार जाड्याजुड्या बॅटऱ्या ओळीने उभ्या राहिल्या. त्यांच्यावर भावजी वेल्डिंगचं मशीन, लोखंड कापायचा कटर आणि हे एवढं मोठं ड्रिल चालवायचे. घरचा विजेचा मीटर त्यांनी स्वतः अर्ज करून काढून टाकला. मीटर बसवायला अर्ज करणारे मी पुष्कळ पाहिले होते. काढायला करणारा हा एकच.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. हसू नका. महाडच्या शाळेत चौथीचे वर्ग शिकवून नुकतीच निवृत्त झालेली, नवरा जाऊन वर्ष झालेलं, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी ठाम समजूत. वाडीत राहायला आले त्या आठवड्यातच मी गोठ्यात जाऊन भावजींना धडा दिला. ते कोळशाच्या इस्त्रीने सदरा इस्त्री करत होते. डोक्यावर आठ तक्ते आणि हातात निखाऱ्यांची इस्त्री!

"भावजी, सौरऊर्जा अमर्याद असते. चौथीच्या पोरांनासुद्धा ठाऊक आहे."

त्यांनी इस्त्रीत फुंकर मारली. "पुस्तकात असंल वयनी. आमच्या गोठ्यावर आठ तक्त्यांएवढीच हाय."

या माणसाचं गणित असं होतं. वस्तू तापवायला साठवलेलं ऊन वापरायचं नाही, वस्तू फिरवायला वापरायचं. चहा चुलीवर. इस्त्री कोळशावर. आंघोळ बारा महिने थंड पाण्याची, फक्त रविवारी खांद्यावर पंचा टाकून मोटारसायकलने थेट सवला, तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर. "तिथं देवानं जमिनीखाली हीटर लावून ठेवलाय. चोवीस तास चालू. त्याची बॅटरी कंदी उतरत नाय," म्हणायचे. हौदातल्या कढत पाण्यात तासभर बसून, लालबुंद होऊन यायचे आणि आठवडाभर त्या ऊबेवर काढायचे. मी माझ्या मैत्रिणींना पत्रातून कळवलं होतं की आमचे दीर गरम पाण्याला वीस-पंचवीस मैल जातात, आणि आम्ही त्यांना हसतो.

गंमत म्हणून मी त्यांना शाळेतला एक कोरा हजेरीचा कॅटलॉग दिला. "घ्या, तुमच्या साहेबांची हजेरी मांडा." टोमणाच होता तो. पण भावजींना टोमणा कळायचा नाही, किंवा कळून ते त्याचा उपयोग करून घ्यायचे. दुसऱ्या दिवसापासून कॅटलॉग गोठ्याच्या खुंटीला लटकला. विद्यार्थ्याचे नाव: सूर्य. रोज संध्याकाळी एक खूण. 'ह' म्हणजे हजर, 'गै' म्हणजे गैरहजर, 'अ' म्हणजे अर्धा दिवस. शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात "दुपारी दोनला कशेडीकडून ढग," "तक्त्यावर कावळा हगला, पुसला," असे शेरे. चुकीचा शेरा त्यांनी एकदाही लिहिला नाही. एकदा मी सहज म्हटलं, "आज अर्धा दिवस कसला, चांगलं पाऊण दिवस ऊन होतं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी परीक्षेत मार्क वाढवायला सांगत होते.

कशेडीचा घाट आमच्या अंगणातून दिसत नाही, पण त्या बाजूचं आभाळ दिसतं. ते काळं झालं की भावजी हातातलं काम ठेवायचे आणि मशीन बंद करायचे. मग कापायचं लोखंड हातकरवतीने. एका वेळी एकच मशीन, हा दुसरा नियम. वेल्डिंग चालू असताना कुणी मोबाइल चार्जिंगला लावायला आलं तर "एक उठलाय, दुसरा बसून ऱ्हा" असं ओरडायचे. वाडीतले मोबाइल भर दुपारी बॅटऱ्या भरल्यावर लागायचे, ओळीने, गव्हाणीच्या काठावर. पावसाळ्यात तेही नाही. शेजारची शेवंती चिडायची. "काय ओ भावजी, मुंबईला लेकाला फोन लावायचा तं तुमच्या सायबाला इचारायचं?"

"इचार ना. तो नाय म्हनला तर मी काय करू गो?"

आता गिरणीचं सांगते, कारण माझं या वाडीत राहणं त्या गिरणीला बांधलेलं होतं.

माझा मुलगा मुंबईला नोकरीला. वडील गेल्यापासून त्याचं एकच टुमणं, आई, मुंबईला चल. त्याचंही चूक नव्हतं. "पाय घसरून पडलीस तर मला कळायला दोन दिवस लागतील," म्हणायचा. "आणि तिथे राहून तू करणार काय?" उत्तर हवं म्हणून मी पोलादपुरात बंद पडलेली एक जुनी दगडाची पिठाची गिरण उचलून आणली. आमच्या तीन वाड्यांच्या बायका दळण डोक्यावर घेऊन पोलादपूरला उतरायच्या. उतरताना नाचणी, चढताना पीठ, आणि पावसात दोन्ही ओलं. मी म्हटलं, दळण इथेच होईल. बाईंचं डोकं! पण लाइन आमच्या वाडीपर्यंत येता येता दमायची. बटण दाबलं की मोटार नुसती घूं करायची आणि अंग चोरून बसायची.

मग मी गोठ्यात गेले. या वेळी धडा द्यायला नव्हे.

भावजींनी गिरणीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "ही मशीन नाय वयनी, म्हस हाय. चालताना गरीब. पन बसलेली उठताना बघितलीय ना? सगळा जोर उठतानाच. तेवढ्यात माझ्या बॅटऱ्या माना टाकतील."

"मग?"

"मग तिला रिकाम्या पोटी उठवायची."

पंधरा दिवस त्यांनी माझी शिकवणी घेतली. दगड आधी उघडे ठेवायचे, दाणा टाकायचा नाही, मोटार पूर्ण वेगात आली की दगड हळूहळू जवळ आणायचे, आणि मग मुठीमुठीने नाचणी सोडायची. मी घाई केली की ते मला वयनी म्हणायचं सोडून बाई म्हणायचे. "बाई, पुन्हा." चाळीस वर्षं मी पोरांना "पुन्हा" म्हणत आले होते. कसं वाटतं ते तेव्हा कळलं. बॅटऱ्यांबद्दल म्हणायचे, "अर्ध्याच्या खाली जायचं नाय. बॅटरी म्हंजे म्हातारीचं पोट. जरा रिकामं ठेवलं की दुखनं धरतं."

"म्हातारी कुणाला म्हणताय?"

"बॅटरीला."

गोठ्यातून एक जाड वायर माझ्या पडवीत आली. तिच्या टोकाला एकच प्लग, वर भावजींच्या हाताने लाल रंगात 'फक्त गिरण'. श्रावणात उघडीप मिळेल तशी गिरण चालली. आणि गणपतीला मुलगा, सून, नातवंडं आली. मुलाने पडवीतली गिरण पाहिली, छपरावरून आलेली वायर पाहिली आणि हसला.

"उन्हावर? भाद्रपदात?"

"उन्हावर. भाद्रपदात."

"बरं. पाचव्या दिवशी दुपारी दोनला आम्ही निघणार. त्याच्या आत माझ्यासमोर पायलीभर नाचणी दळून दाखव. दळलीस तर मुंबईचा विषय मी पुन्हा काढणार नाही. नाही दळलीस तर गाडीत बसायचं."

"आत्ताच भर माझी बॅग," मी म्हटलं. "टपावर चढव आणि उतरवायलाही तूच ये." अठ्ठावन्न वर्षांच्या पोरीला तोरा किती असावा!

पहिले चारही दिवस ढग. हजेरीपटात 'गै, गै, अ, गै'. भावजींनी वेल्डिंग बंद ठेवलं, ड्रिल बंद ठेवलं. देवळाचं फाटक अर्धवट कापून गोठ्यात टेकवून ठेवलेलं, त्याला हात लावला नाही. जे काही थोडं ऊन चोरून यायचं ते सगळं माझ्या पायलीसाठी साठवत होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी बॅटऱ्यांचा मीटर बघून म्हणाले, "पुरंल. उगाच कुठं सांडू नका."

आणि पाचव्या दिवशी पहाटे मी ते सांडलं.

झालं असं. मोदकांपायी गॅस संपलेला. लाकडं ओली. आणि मला न्हायचं होतं. साधं नव्हे, शिकेकाईने केस धुऊन, कडक पाण्याने. मुलासमोर गिरणीची मालकीण कशी दिसली पाहिजे! ट्रंकेत महाडच्या खोलीतला पाणी तापवायचा हीटर पडलेला होता. पडवीच्या मागेच न्हाणी. पडवीत प्लग. 'फक्त गिरण' हे मला नीट वाचता येत होतं, पोरांना वाचायला मीच शिकवलं होतं. एकच हंडा, मी मनाशी म्हटलं. हीटर हंड्यात सोडला, आणि पूजेची फुलं काढायला परसात गेले. फुलं काढली, हार ओवला, एक हार वाकडा झाला तो पुन्हा ओवला. परत आले तेव्हा हंडा खदखदत होता आणि पाणी अर्धं आटलं होतं. मी त्यात गार पाणी घातलं आणि, खोटं कशाला सांगू, फार सुरेख आंघोळ केली.

सात वाजता भावजी आले. मुंबईची मंडळी अजून झोपलेली. ते गोठ्यातला मीटर बघूनच आले होते. त्यांनी प्लगला बोट लावलं, तो अजून गरम होता. न्हाणीतून वाफ येत होती. माझ्या केसांतून पाणी टपकत होतं. मी शिकेकाईच्या वासासकट उभी.

त्यांनी न्हाणीचं दार ओढून घेतलं. मग म्हणाले, "सव लांब हाय ना, वयनी."

तेवढंच. आणि गेले.

बारा वाजता तिन्ही वाड्यांच्या बायका नाचणी घेऊन आल्या. अंगणात गाडी उभी, टपावर माझी बॅग बांधलेली. मुलगा पडवीच्या कट्ट्यावर घड्याळ मनगटावर फिरवत बसला. मी दगड उघडले, बटण दाबलं. मोटारीने एक उचकी दिली. गोठ्यातून, बॅटऱ्या उतरल्याची, इन्व्हर्टरची किंकाळी आली आणि सगळं थंड.

पुन्हा दाबलं. पुन्हा किंकाळी.

"काका," मुलगा म्हणाला, "काल संध्याकाळी तुम्हीच सांगितलंत ना, बॅटऱ्या पुरतील? मग एका रात्रीत उतरल्या कशा?"

सगळ्या बायका भावजींकडे बघायला लागल्या. मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. समोर मुलगा, सून, नातवंडं, चौथीला मी शिकवलेल्या दोघी. खरं बोलावे, हा सुविचार मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल. तोंड उघडंच राहिलं, आवाज आला नाही.

"माझीच चूक रे," भावजी म्हणाले. "देवळाच्या फाटकाचं वेल्डिंग काढलं काल सांजचं, मीटर बघितल्यावर. ऱ्हायवलं नाय."

मग शेवंती फुटली. "अगो बाय माझे! तुमी? आमाला मोबाइल लावून देत नाय, आनि तुमी वेल्डिंग करून बसलाव? बाईंचं दळन हाय म्हायती असून?"

"लाज कशी नाय वाटली ओ?" दुसरी.

"वाटते ना," भावजी म्हणाले, आणि गाडीकडे चालू लागले.

मला वाटलं निघून चालले. ते गाडीच्या पायरीवर चढले आणि माझी बॅग बांधलेली दोरी सोडायला लागले. कुणाला विचारलं नाही. चांगली जाड सुती दोरी होती, वीसेक हात. ती घेऊन आले आणि गिरणीच्या मोठ्या चाकाला गुंडाळू लागले, भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी. गाठ मारायची नाही, नुसते वेढे. "म्हशीला एकटीला उठवत नाय, तर शेपटीला हात लावायला लागतो," म्हणाले. "तुमी वढायचं. चाक फिरलं की मी बटन मारतो. मग बॅटरीला थोडकाच जोर पडंल. वयनी, तुम्ही दगडाकडं."

चार बायकांनी ओढलं. चाक फिरलं, पण सुस्त. बटण. किंकाळी.

"अजून मान्सं लावा."

सहा बायका. शाळेत मी रस्सीखेचीचा संघ तयार करायची. माझ्यातली बाई जागी झाली. "पाय रोवा! मागे झुका! सगळ्या एकदम!" चाक जोरात फिरलं, बटण, मोटार उठते उठते म्हणेपर्यंत बसली.

भावजी अंगणात जाऊन आभाळाकडे बघत उभे राहिले. दीड वाजायला आला होता. ढगाच्या कडेला उजेडाची एक चीर दिसत होती. ती सरकत होती, फार हळू. सून पोरांना चपला घालत होती. मी चाकाला पुन्हा वेढे देत होते आणि ते घसरून पडत होते. कट्ट्यावरून माझा मुलगा ते बघत होता.

तो उठला. बाह्या वर केल्या. दोरीच्या शेवटी, सगळ्यांच्या मागे जाऊन उभा राहिला आणि दोरी मनगटाला गुंडाळायला लागला.

"मनगटाला नाही!" मी ओरडले. "नुसती मुठीत धर. किती वेळा सांगितलंय?" तिसरीत असताना सांगितलं होतं.

अंगणात लख्ख ऊन पडलं.

"साहेब आले!" भावजी आत धावले. "वढा!"

दोरी अशी सुटली की सगळ्या जणी एकमेकींच्या अंगावर आणि माझा मुलगा सगळ्यात खाली, तुळशीपाशी. पण चाक गरगरत होतं, बटण पडलं होतं, आणि मोटारीचा तो घूं हळूहळू चढत चढत एका सुरात आला. मी दगड जवळ आणले. मूठभर नाचणी सोडली. किंकाळी नाही.

पुढचा तासभर असा गेला की भावजी अंगणात आभाळाकडे बघत, आणि मी गिरणीपाशी त्यांच्या हाताकडे बघत. ढग आला की त्यांचा हात खाली, मी दाणा बंद करायची आणि दगड सैल, गिरण रिकामी फिरायची. ऊन आलं की हात वर, दाणा सुरू. एकदाही बंद पडू दिली नाही. घड्याळात दोन वाजून गेले तेव्हा निघायची आठवण कुणी काढली नाही. शेवटची मूठ पडली तेव्हा माझा मुलगा पिठाच्या डब्याशी उकिडवा बसला होता, कोपराला खरचटलेलं, पँटला माती. त्याने पिठात हात घातला.

"गरम आहे गं," म्हणाला.

मग बाहेर जाऊन त्याने टपावरची बॅग उतरवली. तशीही ती आता कशाने बांधलेली नव्हती.

मुंबईचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. शब्दाचा पक्का आहे, बापावर गेलाय. दर गणपतीला येतो आणि गिरणीचं चाक तोच फिरवून सुरू करतो, आता गरज नसली तरी.

भावजींना मात्र त्या दिवसापासून वाडीने सोडलं नाही. मोबाइल लावू नका म्हणाले की शेवंती म्हणायची, "हो, पन फाटकाचं वेल्डिंग चालतं ना?" लग्नात, बारशाला, देवळाच्या पायरीवर, जो तो. तीस वर्षं कारखान्यात ज्या माणसाच्या हातून एक फ्यूज उडाला नाही, त्याला पोरंटोरंसुद्धा हसायची. आणि ते अर्धवट फाटक त्यांनी कुणाला कळू न देता, पुढचा आख्खा महिना हातकरवतीने आणि हाताने बोल्ट मारून पूर्ण केलं. वेल्डिंगचा उजेड कुणाला दिसला असता तर बिंग फुटलं असतं, म्हणून वेल्डिंग त्याला केलंच नाही. जाऊन बघा, आजही त्यावर वेल्डिंगचा एक ठिपका सापडणार नाही. इतक्या वर्षांत कुणी निरखून पाहिलं नाही, हे आमच्या वाडीचं नशीब की माझं, कोण जाणे.

गणपतीनंतरच्या आठवड्यात मी गोठ्यात गेले होते. कबूल करायलाच गेले होते. ते बॅटऱ्यांत पाणी भरत होते. मी नजर चुकवायला हजेरीपट उघडला. पाचव्या दिवशी 'अ'. शेऱ्यात लिहिलेलं: "बॅटरी उतरली. कारण:" आणि पुढे कोरं.

"हे अर्धवट का?"

"हजेरीत खोटं कसं लिवायचं?" ते वर न बघता म्हणाले. "आनि खरं लिवायला बाईंचं अक्षर चांगलं हाय. फुरसत मिळंल तवा लिवा."

मला बारा वर्षं फुरसत मिळाली नाही. त्या बारा वर्षांत मी त्यांच्याकडून बॅटरीत पाणी किती, तक्ते कशाने पुसायचे, कशेडीचं आभाळ कसं वाचायचं हे सगळं शिकले. मोबाइलवाल्यांवर ओरडायलाही शिकले. फक्त तेवढा एक शब्द राहिला.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात भावजी गेले. आजारी नव्हते. रविवारी सवला जाऊन, लालबुंद होऊन आले, जेवले, "पाळी सुटली" म्हणाले आणि पडले ते उठले नाहीत. गोठा आता मी बघते. हजेरी मी मांडते. बॅटऱ्या बदलून झाल्या, तक्ते तेच आहेत.

हे लिहायला बसले तेव्हा तो जुना हजेरीपट खुंटीवरून काढला. पान पिवळं पडलंय. दोरी ओढणाऱ्या सहाजणींपैकी दोघी गेल्या, शेवंती आहे, तिला हे वाचून दाखवायचं आहे आणि ती काय म्हणेल याची मला आत्तापासून धास्ती आहे. मी चष्मा लावला, पेन घेतलं, आणि शाळेत फळ्यावर काढायची तसं गोल, स्वच्छ अक्षर काढलं.

रकान्यात पाहिलं तर त्यांनी जागा एकाच शब्दापुरती सोडली होती. 'आंघोळ' त्यात बरोबर बसला.